शपथ नाकारली म्हणजे राजद्रोह केला?

लंडनमध्ये थेम्सच्या काठी, लॅम्बेथच्या वाड्यात, १३ एप्रिल १५३४ रोजी सर टॉमस मोर यांच्यापुढे एक कागद ठेवण्यात आला. राजा आठवा हेन्री आणि अ‍ॅन बोलिन यांचा विवाह मान्य, त्यांची मुलं गादीची वारस, अशी शपथ त्यात होती. मोर कसलेले कायदेपंडित होते. त्यांनी शपथेचा मसुदा मागून घेतला, मग ज्या कायद्याखाली ती शपथ निघाली तो कायदाही मागवला आणि दोन्ही मनातल्या मनात वाचून एकमेकांशी ताडून पाहिले. नंतर म्हणाले की, वारसाबद्दल शपथ घ्यायला माझी हरकत नाही, पण या शब्दांत मी ती घेऊ शकत नाही. पुन्हा विचार करा, म्हणून त्यांना एका खोलीत बसवलं. खिडकीतून खालची बाग दिसत होती आणि शपथ घेण्यासाठी बोलावलेले पाद्री तिथे आनंदात फिरत होते. क्रॉयडनच्या पाद्र्याने तर शपथ उरकून कोठीपाशी जाऊन पेय मागितलं. हे सगळं मोर यांनी आपल्या मुलीला, मार्गारेटला, पत्रातून कळवलं आहे.

इंग्लंडच्या सोळाव्या-सतराव्या शतकातल्या राजनिष्ठेच्या शपथांबद्दल पुष्कळ गैरसमज आहेत आणि त्यातला सर्वांत पक्का मोर यांच्याबद्दलचाच आहे. शपथ नाकारली म्हणून त्यांचा शिरच्छेद झाला, असं सर्रास सांगितलं जातं. पण १५३४च्या त्या कायद्यात शपथ नाकारण्याला देहदंड नव्हता. शिक्षा होती बंदीवासाची आणि मालमत्ता जप्तीची, आणि मोर यांनी लंडनच्या टॉवरच्या तुरुंगात तीच भोगली. देहदंड आला दुसऱ्या कायद्यातून. त्याच वर्षाच्या अखेरीस संसदेने राजद्रोहाचा नवा कायदा केला. राजाची एखादी पदवी दुष्ट हेतूने, नुसत्या शब्दांनी नाकारणं हाही त्यानुसार राजद्रोह ठरला. चर्चचा सर्वोच्च प्रमुख ही हेन्रीची नवी पदवी त्यातच येत होती. मोर गप्प राहिले. मौन म्हणजे संमती असंच कायदा मानतो, हा त्यांचा बचाव होता. शेवटी रिचर्ड रिच या सरकारी वकिलाने साक्ष दिली की, तुरुंगातल्या संभाषणात मोर यांनी ती पदवी नाकारली. असं आपण बोललोच नाही, असं मोर यांनी न्यायालयात निक्षून सांगितलं. ६ जुलै १५३५ रोजी त्यांचा शिरच्छेद झाला.

मला या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते मोर यांचं ते ताडून पाहणं. गादीवर कोण बसावं हे संसद ठरवू शकते, एवढं त्यांना मान्य होतं. पण शपथ त्या कायद्यातल्या सगळ्या मजकुराला बांधून घेत होती आणि हेन्रीचा पहिला विवाह मुळातच अवैध होता, असं त्या मजकुरात होतं. ते त्यांच्या सदसद्विवेकाला पटत नव्हतं. त्या काळी शपथ म्हणजे प्रत्यक्ष देवाला साक्षीला बोलावणं. खोटी शपथ घेणाऱ्याचा आत्मा कायमचा नरकात जातो, ही धारणा राजाचीही होती आणि प्रजेचीही. आपल्याकडे बेलभंडारा उचलून दिलेल्या शब्दाला जे वजन होतं, तेच तिथे बायबलवर हात ठेवून उच्चारलेल्या शब्दाला होतं.

दुसरा समज असा की, शपथ ही निष्ठेची साधी चाचणी होती: निष्ठावंत ती घेत, फितूर नाकारत. १६०६ची शपथ पाहिली की हा समज टिकत नाही. तिच्यामागची भीती मात्र खरी होती, हे आधी मान्य केलं पाहिजे. १५७० मध्ये पोप पाचव्या पायसने राणी एलिझाबेथला पदच्युत घोषित करून तिच्या प्रजेला निष्ठेतून मुक्त केलं होतं आणि १६०५ मध्ये काही कॅथलिकांनी राजासह संसद दारूने उडवून देण्याचा कट केला होता. त्यानंतर पहिल्या जेम्सच्या सरकारने कॅथलिकांसाठी जी शपथ रचली, तिच्यात राजा कायदेशीर आहे, पोप त्याला गादीवरून उतरवू शकत नाही, एवढंच असतं तर बहुतेक कॅथलिकांनी ती घेतली असती. पण पोपने बहिष्कृत केलेल्या राजाला प्रजेने पदच्युत करावं किंवा मारावं, हा विचार ‘पाखंडी’ आहे, असंही त्यांना म्हणायला लावलं होतं. पाखंड काय हे कॅथलिक माणसाच्या दृष्टीने चर्च ठरवतं, लंडनची संसद नव्हे. त्या एका शब्दावर माणसं अडली. वर हेही वदवून घेतलं जाई की, आपण हे शब्द सरळ अर्थाने, मनात काहीही राखून न ठेवता उच्चारतो आहोत.

इंग्लंडमधल्या कॅथलिक पाद्र्यांचे प्रमुख जॉर्ज ब्लॅकवेल यांनी १६०७ मध्ये ही शपथ घेतली आणि इतरांनाही घ्यायला सांगितलं. पोप पाचव्या पॉलने शपथेचा निषेध केला, कार्डिनल बेलार्मिन यांनी ब्लॅकवेल यांना कानउघाडणीचं पत्र लिहिलं आणि पुढच्याच वर्षी रोमने त्यांचं पद काढून घेतलं. राजाने तरी त्यांना सोडावं की नाही? शपथ घेऊनही ते तुरुंगातच राहिले.

या शपथा दरबारी मंडळींपुरत्या होत्या, असंही अनेकांना वाटतं. पण १५३४ची शपथही सामान्य प्रजेकडून घेतली गेली होती. १६४१-४२च्या ‘प्रोटेस्टेशन’ या शपथेसाठी तर अठरा वर्षांवरच्या प्रत्येक पुरुषाला गावच्या चर्चमध्ये बोलावलं गेलं. घेणाऱ्यांची आणि नाकारणाऱ्यांची नावं लिहून लंडनला पाठवली गेली. त्या याद्यांपैकी टिकलेल्यांत आज लोक आपले पूर्वज शोधतात, कारण त्या काळची जनगणना उपलब्धच नाही. १७२३ मध्ये स्त्रियाही मोठ्या संख्येने शपथ घ्यायला गेल्या. पदच्युत स्टुअर्ट घराण्याला गादी परत मिळवून देऊ पाहणाऱ्या जेकबाइटांचा कट उघडकीस आल्यावर, शपथ न घेणाऱ्यांनी आपली मालमत्ता सरकारदरबारी नोंदवावी, असा कायदा झाला होता.

वारंवार शपथा घेणारे लोक संधिसाधू होते, हा आरोप मला अन्यायाचा वाटतो. समजा, एखादा शेतकरी १६२० मध्ये जन्मला. बाविसाव्या वर्षी त्याने प्रोटेस्टेशनमध्ये राजाच्या रक्षणाची शपथ घेतली. पुढच्या दोनेक वर्षांत, संसदेच्या ताब्यातल्या भागात राहत असेल तर, स्कॉटलंडशी झालेल्या कराराची शपथ घेतली. १६४९ मध्ये राजाचाच शिरच्छेद झाला. १६५० मध्ये राजा आणि उमरावांचं सभागृह यांच्याविना चालणाऱ्या राज्याशी एकनिष्ठ राहण्याच्या वचनावर त्याला सही करावी लागली, कारण न करणाऱ्याला न्यायालयात दाद मागता येत नव्हती. १६६० मध्ये राजा परत आला, आणि पुन्हा शपथ. या माणसाने काय करायला हवं होतं? हा प्रश्न तेव्हा लोकांना खरोखर छळत होता. १६५०च्या त्या वचनावरून पत्रकांचा पाऊस पडला आणि तत्त्वज्ञ हॉब्ज यांचा ‘लेव्हायथन’ हा ग्रंथ १६५१ मध्ये त्याच वादळात आला. जो संरक्षण देऊ शकतो त्याचीच आज्ञा पाळणं बंधनकारक, हे त्यातलं सूत्र त्या शेतकऱ्याच्या कोंडीलाच दिलेलं उत्तर होतं.

आणि नाकारणारे? १६८८ मध्ये दुसऱ्या जेम्सचा धार्मिक फतवा चर्चमधून वाचायला लावू नये, असा अर्ज सात बिशपांनी केला. राजाने त्यांना टॉवरमध्ये डांबलं. ३० जून रोजी ते निर्दोष सुटले तेव्हा लंडनने जल्लोष केला. वर्ष संपण्याआधीच जेम्स पळाला, नंतर विल्यम आणि मेरी गादीवर आले आणि नवी शपथ आली. सरकारने ती सौम्य ठेवली होती. ‘न्याय्य आणि कायदेशीर’ राजा हे शब्द मुद्दाम गाळले होते. तरीही त्या सातांपैकी पाच जणांनी, कँटरबरीचे आर्चबिशप सँक्रॉफ्ट यांच्यासह, ती नाकारली. जेम्सवर त्यांचं प्रेम नव्हतं. त्यानेच त्यांना कैदेत टाकलं होतं. पण त्याच्याशी निष्ठेची शपथ त्यांनी घेतली होती आणि तो जिवंत असताना ती मोडणं त्यांना शक्य नव्हतं. सुमारे चारशे पाद्र्यांनी याच कारणाने आपली पदं गमावली.

क्वेकर पंथीयांचं प्रकरण याहून वेगळं. त्यांना कोणत्याही राजाविषयी तक्रार नव्हती, शपथेविषयीच होती. शपथ वाहूच नका, तुमचं हो ते हो आणि नाही ते नाही असू द्या, ही येशूची शिकवण त्यांनी जशीच्या तशी पाळली. न्यायाधीशांना हे ठाऊक होतं आणि दुसरा गुन्हा सिद्ध होईना की ते राजनिष्ठेची शपथ पुढे करत. मार्गारेट फेल यांना १६६४ मध्ये लँकेस्टरला याच कारणासाठी मालमत्ता जप्तीची आणि बंदीवासाची शिक्षा झाली. १६६८ मध्ये त्या सुटल्या.

१६९६ मध्ये संसदेने क्वेकरांना शपथेऐवजी गंभीरपणे सत्यकथन करण्याची मुभा दिली. आपल्या विधानभवनात कुणी ‘ईश्वरसाक्ष शपथ घेतो की’ म्हणतं, कुणी ‘गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो की’ म्हणतं. त्यातली दुसरी वाट इंग्रजी कायद्यात रुजली ती या लोकांमुळे. मात्र १६९६च्या त्या कथनाच्या बळावर क्वेकराला फौजदारी खटल्यात साक्ष देता येत नव्हती, ज्युरीत बसता येत नव्हतं, सरकारी पदही मिळत नव्हतं. शिवाय त्यात ‘सर्वशक्तिमान परमेश्वराच्या समक्ष’ असे शब्द होते. अनेक क्वेकरांच्या मते तीही शपथच होती. ते शब्द काढून टाकावेत म्हणून त्यांना आणखी सव्वीस वर्षं, १७२२पर्यंत, झगडावं लागलं.