चावी घेण्यापूर्वी : घराचा पाहणी अहवाल किती बारकाईने लिहावा?

चाळ सोडून इमारतीत राहायला जाण्याचे दिवस आपल्या अनेक कुटुंबांच्या वाट्याला आले आहेत. वरळीच्या बीडीडी चाळींतील पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीत पिढ्या काढलेल्या माणसाला ५०० चौरस फुटांचे, आत स्वतःचा संडास असलेले घर मिळते, तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी येणारच. परळच्या बीआयटी चाळीत खुद्द बाबासाहेबांनी वर्षानुवर्षे संसार आणि अभ्यास केला. चाळीचे मोल आपल्याला कुणी सांगायला नको, आणि चाळीचा जाचही.

परंतु चावी हातात पडण्यापूर्वी एक कागद पुढे येतो. ‘घर सुस्थितीत मिळाले, कोणतीही तक्रार नाही.’ त्याखाली सही करायची की आधी घर तपासायचे? तपासून जे दिसेल ते किती लिहायचे? आमच्या मंडळाचे कार्यकर्ते वस्तीतील कुटुंबांबरोबर अशा पाहणीला जातात. या कामात आम्ही स्वतः दोनदा चुकलो. त्या चुका इतरांनी करू नयेत, म्हणून हा लेखनप्रपंच.

पहिल्या इमारतीच्या वेळी आम्ही घाई केली. प्रत्येक घरामागे तीन ओळी लिहिल्या. ‘भिंतीला ओल आहे. फरशी बरोबर नाही. विजेचे काम नीट नाही.’ महिन्याभराने उत्तर आले की तक्रार मोघम आहे, नेमका दोष आढळला नाही. राग आला, पण आमच्यापैकी काहींचे आयुष्य कचेरीत आवक-जावक सांभाळण्यात गेलेले. खरे सांगायचे तर आमच्या टेबलावर तसा अर्ज आला असता, तर आम्हीही तेच उत्तर दिले असते. कोणती भिंत? किती ओल? वाचणाऱ्याला काहीच कळत नव्हते.

दुसऱ्या वेळी आम्ही दुसरे टोक गाठले. डिप्लोमा केलेला वस्तीतला एक मुलगा जिद्दीने कामाला लागला. एकेका घराचा चौदा-चौदा पानांचा अहवाल झाला. एका घरात १३७ दोष निघाले. रंगाचा ओघळ, खिडकीवरचा ओरखडा, दाराच्या बिजागरीवरचा चुना, सारे काही टिपले. आम्हाला अभिमान वाटला. उत्तर आले, ‘१३७ पैकी १२१ दोष दूर केले, काम जवळपास पूर्ण.’ उरलेल्या सोळांत काय होते? बाथरूममधील गळती आणि प्लगला नसलेले अर्थिंग! ओरखडे पुसले गेले, पण ज्याने जीव जाईल ते तसेच राहिले. पुढे त्याच घरातील वहिनींना कपडे धुताना मशीनचा शॉक बसला. थोडक्यात निभावले. ‘भाऊ, तुम्ही तर सगळे लिहिले होते ना?’ असे त्यांनी विचारले, तेव्हा आम्हाला मान वर करवली नाही. सगळे लिहिले होते, म्हणूनच महत्त्वाचे बुडाले होते.

त्यानंतर विहारात बैठक झाली. तथागतांनी दोन टोके सोडून मधला मार्ग सांगितला, तो कागदाच्या कामातही लागू पडतो, असे आमच्या एका ज्येष्ठ उपासकांनी सुचवले. तेव्हापासून आम्ही अहवालाचे तीन भाग करतो.

पहिल्या भागात फक्त जीव आणि इमारत. अर्थिंग आहे की नाही; शॉक लागताच वीज तोडणारा आरसीसीबी स्विच बसवला आहे का आणि त्याचे ‘टेस्ट’चे बटन दाबल्यावर तो पडतो का; खांबाला किंवा तुळईला तडा आहे का; गॅलरीचा कठडा हलतो का. हा भाग एका पानाच्या वर जाऊ द्यायचा नाही. येथे प्रत्येक दोष पूर्ण तपशिलाने लिहायचा.

दुसऱ्या भागात पाणी. बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओतून ते नहाणीच्या जाळीकडे जाते की दाराकडे, हे पाहावे. शक्य असेल तर जाळी बंद करून २४ तास पाणी साठवावे आणि खालच्या घराचे छत पाहावे. ही गळती पुढे दोन शेजाऱ्यांत कायमचे वैर लावते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. फरशीवर नाण्याने ठोकावे. पोकळ आवाज आला की खाली माल नीट भरलेला नाही, असा संशय घ्यावा.

तिसऱ्या भागात डोळ्यांना खुपणारे सारे. रंग, ओरखडे, डाग. येथे खोलीमागे एक ओळ पुरे.

आता तपशील म्हणजे काय? ‘बाथरूममध्ये गळती’ हा तपशील नव्हे. ‘बाथरूम, दारातून शिरताना उजवीकडची भिंत, जमिनीपासून एक फुटावर, दोन फूट रुंद ओल, बादलीभर पाणी ओतल्यावर अर्ध्या तासात वाढली, फोटो क्रमांक ३’ हा तपशील. कसोटी सोपी आहे. ज्याने घर पाहिलेले नाही असा परका माणूस तुमचा कागद घेऊन आत आला, तर त्याचे बोट बरोबर त्या जागेवर पडले पाहिजे. तेवढे लिहावे, त्याहून अधिक नको. फोटो काढताना शेजारी टेप किंवा नाणे धरावे, म्हणजे तडा केवढा ते कळते.

आणखी एक पथ्य. ‘सिमेंट कमी घातले’, ‘पैसे खाल्ले’ असे अंदाज अहवालात लिहू नयेत. कालाम सुत्ताची शिकवण आपण मानतो, ऐकीवावर विसंबत नाही. डोळ्यांना दिसले, टेपने मोजले तेवढेच लिहावे. कारण शोधणे इंजिनिअरचे काम. आपला एक अंदाज खोटा ठरला की बाकीच्या खऱ्या गोष्टीही खोट्या ठरवल्या जातात.

‘एवढे लिहिले तर ताबाच लांबला तर?’ ही भीती आम्ही घराघरांत ऐकली. भाड्याचे पैसे बंद होणार, मुलांच्या शाळा सुरू होणार, म्हातारी आई नव्या घरात परित्राण पाठ कधी होतो याची वाट पाहते. ही भीती खोटी नाही. म्हणून आम्ही सांगतो की दुसऱ्या-तिसऱ्या भागातील दोषांसाठी ताबा अडवू नका; ‘सोबतच्या यादीतील दोष नोंदवून ताबा घेत आहे’ असे लिहून सही करा. पहिल्या भागातील दोष मात्र दूर झाल्याशिवाय तेथे मुलेबाळे नेऊ नका. अहवालाच्या दोन प्रती करा, आपल्या प्रतीवर तारखेसह पोचेचा शिक्का घ्या. शिक्का नसलेला अहवाल म्हणजे वाऱ्यावरची वरात!

घर विकत घेतले असेल, तर २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याचे, म्हणजे रेराचे, कलम १४(३) ध्यानात ठेवा. ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामाचा किंवा कामाच्या दर्जाचा दोष कळवला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत विनामूल्य दूर केला पाहिजे. पुनर्वसनात मिळालेल्या घरासाठी मात्र करारनाम्यात दोषदुरुस्तीची मुदत किती लिहिली आहे, हे आधी वाचून घ्या. मुदत मोजताना पहिल्या दिवसाचा अहवालच कामी येतो.

काही वडीलधारे आम्हाला म्हणतात, ‘संडासापुढे रांगेत उभे राहून जन्म गेला. आता फुकट घर मिळते आहे, त्यात खोट कशाला काढता?’ त्यांचे दुःख आम्ही जाणतो. पण हे घर दान नाही. ज्या जागेवर आपल्या वाडवडिलांनी आयुष्य काढले, त्या जागेचा तो हक्क आहे. आणि हक्काची वस्तू मोजून-तपासून घ्यायची असते. १९१९ साली साउथबरो समितीपुढे गेले, तेव्हा बाबासाहेबांनी आपल्या समाजाची बाजू लेखी मांडली, आकडे देऊन मांडली. आपल्याला तर एका घराचीच बाजू मांडायची आहे.

तेव्हा बंधू-भगिनींनो, चावी घ्यायला जाताना पेढ्यांबरोबर एक टेप, एक टॉर्च, एक बादली आणि एक वही न्या. सही सर्वांत शेवटी करा.

जयभीम!