आधी नमुना, मग सॉफ्टवेअर

प्रोटोटाइप : सॉफ्टवेअर पूर्ण तयार होण्याआधी झटपट केलेला कामचलाऊ नमुना. तो हाताळताना ग्राहकाच्या गरजा पडताळता येतात.

दोन प्रकार
• टाकाऊ : गरजा स्पष्ट झाल्या की बाजूला ठेवतात.
• वाढता : सुधारणा होत त्याचेच अंतिम सॉफ्टवेअर बनते.

दोन तपासण्या
• व्हॅलिडेशन : हवे तेच बनते आहे का?
• व्हेरिफिकेशन : ठरल्याप्रमाणे बनते आहे का?

टप्पे
• १९७५ : फ्रेड ब्रुक्स यांचे ‘द मिथिकल मॅन-मंथ’ हे पुस्तक. पहिली आवृत्ती टाकून देण्याची तयारी ठेवा, हा सल्ला.
• १९८३ : आयबीएमच्या संशोधकांचा ‘ऐकणारा टाइपरायटर’. बोललेले यंत्रच टंकलिखित करते असे भासवणारा नमुना; प्रत्यक्षात टंकलेखन करणारी व्यक्ती दुसऱ्या खोलीत.
• १९९१ : जेम्स मार्टिन यांचे ‘रॅपिड ॲप्लिकेशन डेव्हलपमेंट’ हे पुस्तक.

मर्यादा : कागदी किंवा नुसत्या स्क्रीनच्या नमुन्यावरून वेग आणि सुरक्षितता तपासता येत नाही.