यंदा प्रोसेसर बदलायचा का?

लग्नसराई संपली, हातात चार पैसे खुळखुळले की फोटोग्राफर मंडळींत हा प्रश्न हमखास निघतो. गेल्या पंधरा वर्षांत प्रश्न तोच आहे, उत्तर मात्र फिरत आलंय.

जानेवारी २०११ मध्ये इंटेलचा ‘सँडी ब्रिज’ आला. त्यातला चार कोअरचा आय७-२६००के ज्यांनी घेतला, त्यांनी पुढची सहा वर्षं निवांत काढली. इंटेलला तेव्हा तोडीस तोड कुणी नव्हतं, त्यामुळे घाईही नव्हती. जानेवारी २०१७ चा आय७-७७००के सुद्धा चारच कोअरचा! दरवर्षी नवा खोका, वेग जेमतेम वाढलेला. कॅमेरे मात्र थांबले नव्हते. २००८ च्या निकॉन डी७०० मध्ये १२ मेगापिक्सेल होते, २०१२ च्या डी८०० मध्ये ३६. या फुगलेल्या फायलींवर तेव्हा खरा उतारा होता एसएसडी आणि जास्तीची रॅम. प्रोसेसरचं उत्तर ‘थांबा’ हेच होतं.

मार्च २०१७ मध्ये एएमडीने रायझन आणला आणि चित्र पालटलं. इंटेलच्या आठ कोअरच्या ६९००के ला हजार डॉलरच्या वर मोजावे लागत. आठ कोअरचा रायझन ७ १७०० आला ३२९ डॉलरना. ऑक्टोबरात इंटेलनेही झक मारत नेहमीच्या डेस्कटॉप आय७ ला सहा कोअर दिले. त्यातही मेख होती. नवा ८७००के ७७००के च्या मदरबोर्डात बसायचा, पण चालायचा नाही. म्हणजे प्रोसेसरबरोबर बोर्डाचाही भुर्दंड. उलट एएमडीच्या २०१७ मधल्या अनेक बोर्डांवर बायोस अपडेट करून पुढे रायझन ५००० चालला.

कोअर वाढले म्हणून सगळंच काम पळालं नाही. नुसत्या प्रोसेसरवर पाचशे रॉ फायली एक्स्पोर्टला लावा आणि टास्क मॅनेजर उघडा: सगळे कोअर शंभर टक्क्यांना टेकलेले दिसतील. नवरीच्या गालावरचा डाग काढायला फोटोशॉपात हीलिंग ब्रश फिरवा: एखाद-दुसरा कोअर राबतोय, बाकीचे हातावर हात ठेवून. लाइटरूमलाही जादा कोअर नीट वापरायला फेब्रुवारी २०१८ ची आवृत्ती यावी लागली. जाहिरातीत कोअरची संख्या ठळक छापतात, ब्रशबद्दल कुणी बोलत नाही.

नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलच्या एम१ ने पंखा नसलेल्या लॅपटॉपवर रॉ फायली आरामात हाताळून दाखवल्या. पण डेस्कटॉपवाल्यांसाठी त्याहून मोठा बदल ॲडोबीने केला. जून २०२२ मध्ये लाइटरूम क्लासिकमधलं एक्स्पोर्टचं बरंच काम ग्राफिक्स कार्डकडे गेलं. एप्रिल २०२३ मध्ये एआय डीनॉइज आलं, तेही मुख्यतः कार्डाच्याच जिवावर. अंधाऱ्या हॉलमधला दाणेदार फोटो साफ करायला जुनं कार्ड मिनिटं घेतं, नवं काही सेकंद. तिथे महागडा प्रोसेसर फारसा कामाला येत नाही.

आता एक बाहेरचं कारणही आलंय. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला, आणि विंडोज ११ साठी साधारणपणे इंटेलची आठवी पिढी किंवा रायझन २००० लागतो. म्हणून माझं मत असं: त्याआधीचा प्रोसेसर असेल तर बदला, रायझन नसेल तर बोर्डासकट. त्यानंतरचा असेल, तर आधी रॅम ३२ जीबी करा, मग बरं ग्राफिक्स कार्ड घ्या आणि प्रोसेसरला आणखी दोन लग्नसराया चालवा. लॅपटॉपवाल्यांना सहसा कार्ड बदलता येत नाही. त्यांनी खरेदी करतानाच त्यावर जास्त पैसे घालावेत.