खोगिरातला घाम

जर्मन खोगिराला आतल्या बाजूने, घोड्याच्या अंगालगत, चामड्याचं एक पान शिवलेलं असतं. त्याचं नाव ‘श्वाइसब्लाट’. श्वाइस म्हणजे घाम, ब्लाट म्हणजे पान. तंगाची बकलं घोड्याला बोचू नयेत आणि घाम वरच्या चामड्यात मुरू नये, यासाठी ते असतं.

आपलं खोगीरही घामावरूनच आलं आहे. फारसीत ‘खोय’ म्हणजे घाम आणि ‘गीर’ म्हणजे घेणारा, धरणारा. आलमगीर, बारगीर यांतला तोच गीर. संस्कृतात जिथे ‘स्व’ तिथे फारसीत बहुधा ‘ख्व’ सापडतो. आपलं स्वप्न तो तिकडचा ख्वाब. त्याच नियमाने आपला स्वेद, फारसी खोय आणि जर्मन श्वाइस ही सख्खी भावंडं ठरतात.

घामालाच एवढा मान का, हे घोड्याच्या कातडीत दिसतं. जोरात दौडणारा घोडा तासाला 10 ते 15 लिटर घाम गाळू शकतो. पण दाट, तेलकट केसांवरून पाणी नुसतं ओघळून गेलं, तर अंग निवणार कसं? म्हणून त्याच्या घामात लॅथेरिन नावाचं प्रथिन असतं. ते साबणासारखं काम करतं, केस भिजवतं आणि घाम केसांच्या टोकापर्यंत पसरवतं; तिथून तो भराभर उडून जातो. लगाम मानेला घासतो तिथे पांढरा फेस दिसतो, तो याच लॅथेरिनचा. खोगिराखाली मात्र वारा लागत नाही. घाम तिथेच साचतो, कातडी मऊ पडते आणि घर्षणाने सोलवटते.

जानेवारी 1664 मध्ये शिवाजी महाराजांचं घोडदळ गणदेवीकडून सुरतेवर आलं. गणदेवी ते सुरत अंतर सुमारे 45 किलोमीटर, आणि तीही लांबच्या मजलीची केवळ अखेर. अशा मोहिमेत घोड्याची पाठ शाबूत राहणं तलवारीइतकंच मोलाचं.

आपण ‘खोगीरभरती’ निरर्थक भरण्याला म्हणतो. मला हे फार अन्यायाचं वाटतं. ती भरती स्वाराचं वजन कण्याच्या दोन्ही बाजूंना वाटून देते. ती एका जागी दबली की सगळा भार तिथल्या हाडावर येतो, रक्त पोचत नाही आणि पाठीला जखम होते. मग ती भरून येईपर्यंत त्या घोड्यावर खोगीर घालता येत नाही.