चीन ‘सुरक्षा’ म्हणतो, तेव्हा त्याला काय म्हणायचं असतं? समजून घ्या सोप्या भाषेत

शांघाय सहकार्य संघटना, सीमावाद, चीनचा ‘सुरक्षा उपक्रम’ हे शब्द बातम्यांत सारखे येतात. चीन सहकार्याच्या गोष्टी करतो, आणि जून २०२० मध्ये गलवानला आपले २० जवान शहीद होतात. मग खरं काय समजायचं?

चीनचं म्हणणं काय?
एप्रिल २०२२ मध्ये राष्ट्राध्यक्ष शी जिनपिंग यांनी ‘जागतिक सुरक्षा उपक्रम’ मांडला. त्याचा गाभा असा, की एका देशाने आपली सुरक्षा दुसऱ्याला असुरक्षित करून मिळवू नये. लष्करी गट बांधणं म्हणजे शीतयुद्धाची मानसिकता, असं चीन म्हणतो. रोख अर्थातच अमेरिकेवर. नाटो आणि भारत सदस्य असलेला क्वाड, दोन्ही चीनला खटकतात.

मग चीनला कसं सहकार्य हवं?
उत्तर शांघाय संघटनेत दिसतं. १९९६ मध्ये चीन, रशिया, कझाकस्तान, किर्गिझस्तान आणि ताजिकिस्तान हे देश सीमेवरचा तणाव कमी करायला एकत्र आले. २००१ मध्ये त्यातूनच ही संघटना झाली. २०१७ मध्ये भारत आणि पाकिस्तान आत आले. दहशतवाद, फुटीरतावाद आणि कट्टरवाद हे तिने ठरवलेले तीन शत्रू. पण एकावर हल्ला झाला तर सगळ्यांनी धावून जायचं, असं नाटोसारखं बंधन इथे नाही. निर्णयही एकमतानेच होतात.

त्यामुळे गाडी अडतेसुद्धा. जून २०२५ मध्ये चीनमधल्या चिंगदाओच्या बैठकीत पहलगाम हल्ल्याचा उल्लेख नव्हता म्हणून संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी संयुक्त निवेदनावर सही केली नाही. पुढे सप्टेंबरमध्ये तियानजिनच्या जाहीरनाम्यात मात्र त्या हल्ल्याचा निषेध आला.

घोडं कुठं अडतं?
शेजाऱ्यांचा अनुभव वेगळा आहे. दक्षिण चीन समुद्राबाबत २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने फिलिपिन्सच्या बाजूने निकाल दिला, चीनने तो मानलाच नाही. भारताबाबत चीन म्हणतो, सीमाप्रश्न त्याच्या जागी ठेवा, बाकी संबंध चालू द्या. दिल्ली म्हणते, सीमेवर शांतता नसेल तर बाकीचं सुरळीत कसं चालणार? ऑक्टोबर २०२४ मध्ये गस्तीबाबत समझोता झाला, पण सीमा अजून आखलेली नाही.

आपला काय संबंध?
२०२५ मध्ये चीनकडून येणाऱ्या विद्राव्य खतांचा पुरवठा आटला. द्राक्ष, डाळिंबाला ठिबकमधून दिली जाणारी हीच खतं. ऑगस्टमध्ये परराष्ट्रमंत्री वांग यी दिल्लीत आले, तेव्हा खतांचा विषय चर्चेत होता.

म्हणजे चीनच्या लेखी सुरक्षा ही फक्त बंदुकीची गोष्ट नाही. व्यापार आणि पुरवठा हीसुद्धा त्याच्या हातातली साधनं आहेत. म्हणून पुढच्या परिषदेत हस्तांदोलनाचे फोटो आले, की दोन गोष्टी बघा: सीमेवरचं सैन्य किती मागं गेलं, आणि माल वेळेवर येतोय का.