कमतरतेपासून मात्रेपर्यंत : जीवनसत्त्वांच्या गोळ्यांची सव्वाशे वर्षे आणि मिरज

मिरजेच्या आधुनिक वैद्यकीय परंपरेचा आरंभ आणि जीवनसत्त्वांच्या शोधाचा आरंभ हे दोन्ही एकाच दशकातले आहेत. कॅनडात जन्मलेले मिशनरी शल्यचिकित्सक डॉ. विल्यम जेम्स वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उघडले आणि १८९७ मध्ये तेथेच वैद्यकीय शिक्षणाची शाळा सुरू केली. त्याच सुमारास जावा बेटावर क्रिस्तियान आइकमान हे डच वैद्य असे दाखवून देत होते की केवळ सडीक तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि तांदळाचा कोंडा खाऊ घातला की त्या पुन्हा चालू लागतात. आहारात एखादा सूक्ष्म घटक नसला तरी रोग होतो, ही कल्पना तोवर वैद्यकाला जवळजवळ अपरिचित होती. त्यानंतरच्या सव्वाशे वर्षांत या घटकांची ओळख पटली, ते कारखान्यांत तयार होऊ लागले आणि गावोगावच्या औषधांच्या दुकानांत गोळ्यांच्या पट्ट्यांतून मिळू लागले. या काळाचा मागोवा घेतला असता एक गोष्ट ठळकपणे पुढे येते : ज्या ज्या वेळी नेमकी कमतरता ओळखून नेमकी मात्रा दिली गेली त्या त्या वेळी या गोळ्यांनी मोठे कार्य केले, आणि ज्या ज्या वेळी त्या सरसकट ताकदीसाठी घेतल्या गेल्या त्या वेळी लाभ क्वचितच झाला व काही वेळा हानीही झाली.

१९१२ मध्ये काझिमिर फुंक यांनी या घटकांना ‘व्हिटॅमिन’ हे नाव सुचविले आणि पुढील साडेतीन दशकांत आज मान्य असलेली तेरा जीवनसत्त्वे एकेक करून सापडली. त्यांतील शेवटचे, ‘ब-१२’, १९४८ मध्ये वेगळे करण्यात आले. शरीराला स्वतः पुरेशा प्रमाणात तयार करता येत नाही आणि अत्यल्प प्रमाणात का होईना, पण आहारातून मिळावाच लागतो असा सेंद्रिय घटक म्हणजे जीवनसत्त्व. सुरक्षिततेच्या दृष्टीने त्यांचे दोन गट लक्षात घ्यावे लागतात. ‘ब’ गटातील जीवनसत्त्वे आणि ‘क’ ही पाण्यात विरघळणारी असून त्यांचा जादा भाग बहुतांशी लघवीवाटे बाहेर पडतो. ‘अ’, ‘ड’, ‘ई’ आणि ‘के’ ही मेदात विरघळणारी असल्याने, आणि त्यांपैकी ‘अ’ व ‘ड’ विशेषेकरून शरीरात साठत जात असल्याने, त्यांचा अतिरेक दीर्घकाळ त्रास देऊ शकतो. भारतात या विषयाचे पद्धतशीर संशोधन १९१८ मध्ये निलगिरीतील कुन्नूर येथे रॉबर्ट मॅककॅरिसन यांच्या बेरीबेरी या कमतरतेच्या रोगाविषयीच्या चौकशीने सुरू झाले, आणि त्या छोट्या प्रयोगशाळेतूनच पुढे हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था उभी राहिली.

महाराष्ट्राच्या वाट्याला या इतिहासातील एक अत्यंत महत्त्वाचे प्रकरण आले आहे. १९२८ पासून मुंबईत काम करणाऱ्या डॉ. ल्यूसी विल्स यांनी गिरणी कामगार वस्तीतील गर्भवती स्त्रियांमध्ये आढळणाऱ्या एका घातक रक्तक्षयाचा अभ्यास केला, आणि किण्वाच्या म्हणजे यीस्टच्या स्वस्त अर्काने तो बरा होतो असे १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातील घटक पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखला गेला. गर्भधारणेच्या आधीपासून हेच जीवनसत्त्व घेतल्यास बाळाच्या मज्जारज्जूतील जन्मजात दोष मोठ्या प्रमाणात टळतात, हे १९९१ मध्ये ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने अनेक देशांत घेतलेल्या चाचणीत सिद्ध झाले. मुंबईतील कष्टकरी स्त्रियांच्या आजारातून जगभरच्या मातांना मिळालेले हे संरक्षण आहे, आणि पूरक गोळीचे सर्वांत निर्विवाद यश कोणते, याचे उत्तर आजही येथेच शोधावे लागते.

मिरजेजवळच्या वानलेसवाडीचे क्षयरुग्णालय या विषयाची दुसरी बाजू समजून घेण्यास उपयोगी पडते. प्रतिजैविकांपूर्वीच्या काळात क्षयावरील उपचार म्हणजे विश्रांती, मोकळी हवा, सकस आहार आणि कॉडसारख्या माशाच्या यकृताचे तेल असे जगभर मानले जाई. त्या तेलात ‘अ’ आणि ‘ड’ भरपूर असतात, हे कळण्यापूर्वीपासून ते दिले जात होते. १९५२ मध्ये आयसोनियाझिड हे क्षयाविरुद्धचे प्रभावी औषध वापरात आले आणि त्याबरोबर एक नवा प्रश्नही आला : हे औषध शरीरातील ‘ब-६’ या जीवनसत्त्वाच्या कार्यात अडथळा आणते आणि त्यामुळे काही रुग्णांच्या हातापायांना मुंग्या येतात, तळवे बधिर होतात. म्हणून क्षयाच्या उपचारांत ‘ब-६’ची लहान मात्रा, बहुधा दररोज १० मिलिग्रॅम, जोडली जाते आणि तिने हा त्रास टळतो. मात्र १९८३ मध्ये अमेरिकेतील चेताविकारतज्ज्ञांनी असे रुग्ण नोंदवले की ज्यांनी हेच ‘ब-६’ दिवसाला काही ग्रॅम इतक्या प्रमाणात महिनोन्‌महिने घेतले होते आणि ज्यांचे हातपाय त्यामुळेच बधिर झाले होते. एकच जीवनसत्त्व एका मात्रेत बधिरता टाळते आणि दुसऱ्या मात्रेत ती निर्माण करते, आणि तेही पाण्यात विरघळणारे असूनही. त्यामुळे लघवीवाटे निघून जाणारी जीवनसत्त्वे कितीही घेतली तरी चालतात, ही समजूत या उदाहरणापुढे टिकत नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात पोषणाचा प्रश्न सार्वजनिक धोरणाचा झाला. ज्वारी हेच मुख्य अन्न असलेल्या दख्खनच्या गरीब वस्त्यांत पेलाग्रा हा त्वचा, आतडी व मेंदूवर परिणाम करणारा रोग का दिसतो, याचा शोध डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला. १९७० मध्ये केंद्र शासनाने लहान मुलांचे अंधत्व टाळण्यासाठी ‘अ’ जीवनसत्त्वाचे ठरावीक डोस आणि रक्तक्षय टाळण्यासाठी लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्या देण्याचे कार्यक्रम सुरू केले. किशोरवयीन मुलामुलींना आठवड्यातून एकदा मिळणारी निळी गोळी आणि गर्भवतींना १८० दिवस दररोज मिळणारी लाल गोळी ही त्याच कार्यक्रमाची आजची रूपे आहेत. या कार्यक्रमांत मात्रा मोजण्याच्या साधनालाही किती महत्त्व असते, हे नोव्हेंबर २००१ मध्ये आसाममध्ये दिसले. तेथील ‘अ’ जीवनसत्त्वाच्या मोहिमेत २ मिलिलिटरच्या चमच्याऐवजी ५ मिलिलिटरचे प्याले वापरले गेले, अनेक मुले आजारी पडली, काही दगावली, आणि मृत्यूंच्या कारणावरून वाद झाला. तरीही एक प्याला काठोकाठ भरला तर नेमून दिलेल्या मात्रेच्या अडीचपट औषध पोटात जाते, ही बाब वादातीत आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शासकीय कार्यक्रमांच्या बाहेर टॉनिकच्या बाटल्या, ‘ब’ गटाच्या कॅप्सूल आणि ताकदीची इंजेक्शने यांचा प्रसार वाढला, आणि अशक्तपणा, थकवा, भूक न लागणे अशा कोणत्याही तक्रारीवर त्या मागितल्या व दिल्या जाऊ लागल्या. या सवयीची शास्त्रीय परीक्षा शतकाच्या अखेरीस झाली. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीत, शरीरात ‘अ’मध्ये रूपांतरित होणाऱ्या बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण घटण्याऐवजी १८ टक्क्यांनी वाढल्याचे १९९४ मध्ये जाहीर झाले. अमेरिकेतील १४,६४१ पुरुष डॉक्टरांवर दहा वर्षांहून अधिक काळ चाललेल्या बहुजीवनसत्त्व गोळीच्या चाचणीचे निष्कर्ष २०१२ मध्ये आले, तेव्हा हृदयविकारावर काही परिणाम दिसला नाही आणि कर्करोगाच्या एकूण प्रमाणात किंचित घट दिसली. साधी बहुजीवनसत्त्व गोळी योग्य मात्रेत घेतल्यास सहसा घातक नसते, पण ती आहाराची आणि औषधोपचाराची जागा घेऊ शकत नाही, एवढेच या पुराव्यावरून म्हणता येते.

भारतीय, आणि विशेषतः मराठी, आहाराच्या संदर्भात पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने या चर्चेला नवे वळण दिले. पुण्याजवळच्या गावांतील माता आणि त्यांची मुले यांचा १९९० च्या दशकापासून केलेला हा अभ्यास असे दाखवतो की शाकाहाराच्या किंवा जवळजवळ शाकाहाराच्या परंपरेमुळे बहुसंख्य मातांमध्ये ‘ब-१२’ची कमतरता होती, आणि ज्या मातांमध्ये ‘ब-१२’ कमी व फॉलेट अधिक होते त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला होणारा प्रतिरोध, म्हणजे पुढील मधुमेहाची पूर्वखूण, सर्वाधिक आढळली. फॉलिक आम्ल रक्तक्षय झाकून टाकते, परंतु ‘ब-१२’च्या अभावी चेतातंतूंची होणारी हानी थांबवत नाही. त्यामुळे केवळ थकवा आला म्हणून लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्या दीर्घकाळ घेत राहण्यापेक्षा रक्ततपासणी करून कमतरतेचे नाव निश्चित करणे, हे या प्रदेशात अधिक आवश्यक ठरते.

मार्च २०२० मध्ये इस्लामपूरच्या करोनाबाधितांवर मिरजेच्या शासकीय रुग्णालयात उपचार सुरू झाले आणि सांगली जिल्हा महासाथीच्या बातम्यांत आला. त्या भयग्रस्त महिन्यांत ‘क’ जीवनसत्त्व, जस्त आणि ‘ड’ जीवनसत्त्व यांच्या गोळ्या देशभर घरोघरी पोहोचल्या. बाह्यरुग्णांना जस्त व ‘क’ मोठ्या मात्रेत देऊन अमेरिकेत घेतलेल्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मात्र लक्षणे लवकर कमी झाल्याचे आढळले नाही. साथ ओसरली तरी सवय काही घरांत टिकली, आणि त्यातील सर्वांत काळजीची बाब ६०,००० एककांच्या ‘ड’ जीवनसत्त्वाची आहे. ही मात्रा बहुधा आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडे, डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच घ्यायची असते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० मध्ये प्रौढांसाठी सांगितलेली दैनिक सुरक्षित कमाल मर्यादा ४,००० एककांची आहे, म्हणजे चुकून दररोज घेतलेली अशी एक मात्रा या मर्यादेच्या पंधरापट होते, आणि त्यामुळे रक्तातील कॅल्शियम वाढून उलट्या, अतितहान, भ्रम आणि मूत्रपिंडाची हानी संभवते. त्याच तक्त्यात ‘अ’साठी ३,००० मायक्रोग्रॅम, लोहासाठी ४५ मिलिग्रॅम आणि जस्तासाठी ४० मिलिग्रॅम अशा मर्यादा दिल्या आहेत. पूरक आहाराच्या नियमनाचे नियम भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१६ मध्ये केले असले तरी नियमांत बसणाऱ्या दोन वेगळ्या बाटल्या एकत्र घेतल्या की मर्यादा सहज ओलांडली जाऊ शकते, आणि हे टाळणे ग्राहकाच्या हाती राहते.

मिरजेसारख्या वैद्यकीय नगरीत हा विषय अधिक नाजूक आहे, कारण जत, आटपाडी, सांगोला किंवा सीमेपलीकडील अथणी येथून उपचारांसाठी येणारा रुग्ण बहुधा आधीच इतर औषधे घेत असतो. थायरॉईडच्या गोळीचे शोषण लोह व कॅल्शियममुळे घटते, म्हणून दोहोंत चार तासांचे अंतर ठेवावे लागते, हृदयाच्या झडपेच्या शस्त्रक्रियेनंतर रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्याने ‘के’ असलेली गोळी परस्पर सुरू करू नये, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्याने ‘ब-१२’ची तपासणी करून घ्यावी, केस-नखांसाठीच्या बायोटिनने थायरॉईडच्या व हृदयविकाराच्या काही रक्तचाचण्यांचे निकाल चुकू शकतात, म्हणून ते घेत असल्याचे डॉक्टरांना व प्रयोगशाळेत आधी सांगावे. गर्भवतीने ‘अ’च्या मोठ्या मात्रा टाळाव्यात, कारण त्या गर्भाला घातक ठरू शकतात. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नये आणि ती लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी ठेवावी, कारण मोठ्यांना उपकारक असलेल्या या गोळ्यांची मूठभर संख्या बालकाचा जीव घेऊ शकते.

या सव्वाशे वर्षांनी दिलेला धडा व्यवहारात आणण्यासाठी मोठ्या सुविधांची गरज नाही. औषधाच्या चिठ्ठीवर जीवनसत्त्वाचे नाव, मात्रा आणि घेण्याचा कालावधी स्पष्ट लिहिणे, औषध देताना दुकानदाराने तो मोठ्याने सांगणे, आणि रुग्णाने घरातील सर्व गोळ्या व बाटल्या पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवणे, एवढ्याने बहुतेक धोके टळतात. ज्वारीच्या भाकरीसोबत पालेभाजी, डाळ, शेंगदाणे, दूध किंवा ताक आणि ज्यांना चालते त्यांनी अंडी-मासे, एवढा आहार बहुतांश निरोगी माणसांची गरज भागवतो. ज्यांची भागत नाही त्या गर्भवती, वृद्ध, काटेकोर शाकाहारी आणि दीर्घ आजाराच्या रुग्णांना गोळीचा पूर्ण हक्क आहे. तो हक्क त्यांना योग्य मात्रेत मिळावा आणि इतरांनी अनावश्यक गोळ्यांचा भार शरीरावर व खिशावर घेऊ नये, हीच या मागोव्यातून निघणारी निकडीची अपेक्षा आहे.