न उघडलेल्या पिशव्या आणि वाढतं कर्ज

जयपूरला जाऊन आलेल्या माणसाला आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, "काय काय आणलंस?" बापू बाजारातल्या मोजड्या, जोहरी बाजारातलं कुंदन, मनिहारांच्या गल्लीतल्या लाखेच्या बांगड्या. सवाई जयसिंगांनी १७२७ मध्ये वसवलेल्या या शहराची आखणीच बाजारपेठा धरून झाली. तिथे दोन साड्या जास्त घेतल्या की "हिला खरेदीचं व्यसनच आहे" असं म्हणून मोकळे होतात. ते व्यसन नव्हे, हौस आहे.

व्यसनात वस्तू नको असते, घेण्याचा क्षण हवा असतो. लहरियाची साडी पिशवीतून बाहेरच येत नाही, किमतीची चिठ्ठी तशीच, बिल फाडून टाकलेलं. घरी विचारलं तर किंमत निम्मी सांगितलेली. थोड्याच वेळात अपराधी वाटतं आणि ते वाटणं घालवायला पुन्हा खरेदी. खर्चाच्या आकड्यापेक्षा ही लपवाछपवी मला जास्त धोक्याची खूण वाटते.

"हे बायकांचं खूळ" हाही गैरसमजच. अमेरिकेत अडीच हजारांवर प्रौढांच्या पाहणीत (२००६) या विकाराचं प्रमाण बायकांत सहा टक्के आणि पुरुषांत साडेपाच टक्के निघालं. पुरुषाने तिसरा महागडा फोन घेतला की आपण त्याला शौकीन म्हणतो, एवढंच. आणि मोबाइलने हा आजार जन्माला घातला असंही नाही. जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच त्याचं वर्णन केलं होतं. मोबाइलने दुकान उशापाशी आणलं आणि "आता घ्या, नंतर भरा" म्हणत पैशाचा अडसरही काढला. मात्र झोप दोन तासांवर आलीय, बोलणं थांबत नाही आणि अचानक लाखोंची खरेदी होतेय, असं असेल तर तो बायपोलर आजारातला उन्माद असू शकतो. त्याचे उपचार वेगळे, म्हणून आधी डॉक्टरांकडे जायला हवं.

सगळ्यात महाग पडणारा गैरसमज म्हणजे "कार्डाची किमान रक्कम भरली की झालं". समजा एक लाख थकलेत आणि व्याज महिन्याला साडेतीन टक्के आहे. व्याजाचे ३,५०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ६३०. किमान रक्कम पाच टक्के धरली तर तुम्ही ५,००० भरता आणि मुद्दल जेमतेम ८७० रुपयांनी कमी होतं. शिवाय थकबाकी आहे तोवर नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत नाही. मोजडीच्या जोडावरही पहिल्या दिवसापासून व्याज. मग एका कार्डाचं भरायला दुसरं कार्ड, दुसऱ्याचं भरायला मोबाइलवरचं झटपट कर्ज, आणि शेवटी बायकोचे दागिने गहाण.

"हप्ता थकला की तुरुंग" या भीतीने माणसं फोन उचलायचं सोडतात. नुसतं कर्ज थकणं हा फौजदारी गुन्हा नाही. चेक न वटणं किंवा फसवणूक ही वेगळी बाब, म्हणून कोर्टाचं समन्स आलं तर दुर्लक्ष करू नका. वसुलीवाल्यांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू नये, धमकावू नये, चारचौघांत अपमान करू नये, असे रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. तक्रार आधी बँकेकडे लेखी द्यायची. तीस दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, आणि त्याला पैसे लागत नाहीत.

आता घरच्यांचा गैरसमज: "एकदाचं सगळं फेडून टाकू, म्हणजे सुटेल." वडिलांनी मुदतठेव मोडून कर्ज फेडलं, पण कार्ड हातात तसंच राहिलं, तर तेच कर्ज पुन्हा उभं राहण्याची भीती असते. ओरडून आणि शपथा घालूनही हे सुटत नाही. मनाचे उपचार आणि पैशाची घडी, दोन्ही एकाच वेळी हवं. विचार आणि वागणूक बदलायला शिकवणाऱ्या समुपदेशनाचा, म्हणजे सीबीटीचा, उपयोग होतो असं अभ्यासांत दिसलंय. सोबत नैराश्य आहे का तेही तपासावं लागतं. जयपुरात सेठी कॉलनीत सरकारी मनोविकार केंद्र आहे. देशात कुठूनही टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक लागतो. कर्जापायी जीव नकोसा झाल्याचं कुणी बोललं तर ते ऐकून सोडून देऊ नका, त्याच्याजवळ बसून हा फोन तुम्हीच लावा.

पैशाच्या बाजूने सुरुवात एका वहीने होते. कुणाचं किती, व्याज किती, तारीख कोणती, हे सगळं घरातल्या एका विश्वासू माणसासमोर लिहायचं. अ‍ॅपमधली साठवलेली कार्डं काढून टाकायची. बँकेकडे थकबाकीचे हप्ते बांधून मागायचे. प्रकरण कोर्टाच्या उंबरठ्यावर असेल तर लोक अदालतीत तडजोड होऊ शकते, तिथे कोर्ट फी नाही. मोफत वकिलासाठी विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा क्रमांक आहे आणि स्त्रियांना ही मदत उत्पन्नाची अट न लावता मिळते. तडजोडीत बँकेने रक्कम सोडली तर पतअहवालात "सेटल्ड" अशी नोंद राहते आणि पुढचं कर्ज मिळणं अवघड होतं, हे आधी समजून घ्या. पैसे भरण्यापूर्वी तडजोडीचं पत्र आणि भरल्यावर येणं बाकी नसल्याचं पत्र, दोन्ही बँकेकडून लेखी घ्या.